दहापैकी पावणेसात

आमच्या गावात कुणी एखाद्या गोष्टीला दहापैकी सात दिले की समजावं, त्याचा कंठ दाटून आला आहे. सहा म्हणजे उत्तम. साडेसहा म्हणजे बोलणंच खुंटलं. बेकरीवाल्याचा पाव एखाद्या सकाळी असा काही फुलून येतो की वास थेट माझ्या दुकानात शिरतो, तेव्हा लोक पिशवी पुढे करत म्हणतात, "आज सहा हां!" आणि तो गडी दिवसभर शीळ घालत फिरतो. माझं लग्न जमत होतं तेव्हा बायकोच्या मावशीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि "पाच आहे, पण सुधारेल" असा निकाल दिला. त्याच बैठकीत तारीख ठरली.

बाहेरच्या माणसाला हे कळायला वेळ लागतो. डॉक्टरीण नवीन आली तेव्हा दुखणं दहापैकी किती, असं ती प्रत्येकाला विचारायची. आमचा पोस्टमन जिन्यावरून गडगडला, पाय भलत्याच दिशेला वळलेला, आणि हा दातओठ खात म्हणतो, "चार." तिने मलम देऊन घरी पाठवला. आता ती शहाणी झाली आहे. चार ऐकलं की आधी प्लास्टर भिजवायला घेते.

या सगळ्याच्या मुळाशी आहेत पावगुणबाई. गावात सरकारी हायस्कूल एकच, आणि त्यात गणित शिकवणाऱ्या बाईही एकच. मला त्याच होत्या, आता माझ्या मुलीलाही त्याच आहेत. पहिल्या तासाला हातात खडूही न घेता त्या सांगतात, "दहा देवाचे. नऊ पुस्तक लिहिणाऱ्याचे. आठ माझे. सातापासून खाली तुमची काय ती मारामारी करा." मग मारामारी सुरू होते. उत्तर बरोबर पण पुढे मीटर लिहिलं नाही, पाव गुण गेला. समास सोडला नाही, पाव गुण गेला. म्हणून तर हे नाव पडलं. मात्र गुण कापला की शेजारी लाल शाईने कारण लिहिणार म्हणजे लिहिणारच. "कारण न सांगता दिलेला गुण म्हणजे भीक, आणि कारण न सांगता कापलेला गुण म्हणजे दरोडा," हे त्यांचं दुसरं वचन. गावातले बाप आणि मुलं, आया आणि मुली, सगळे या एकाच चाळणीतून निघालेले आहेत.

माझी लाँड्री शाळेच्या फाटकासमोरच आहे. बाईंचा राखाडी कोट दर शुक्रवारी माझ्याकडे येतो आणि शनिवारी परत जातो. खडूच्या भुकटीपासून कपडे वाचवायला त्या तो वर्गात घालतात. उजव्या खिशात लाल पेन ठेवायची सवय, त्यामुळे खिशाच्या तळाशी शाईचा डाग असतोच. मी घासून घासून काढतो, पुढच्या शुक्रवारी तो परत हजर. कोट घ्यायला आल्या की बाई तो उजेडात धरतात, कॉलर बघतात, बाह्या बघतात आणि मला गुण देतात. "सहा. डाव्या बाहीला चुणी राहिली." इतकी वर्षं झाली, मी सहाच्या वर गेलेलो नाही. चीड येते. पण पुढच्या वेळी डाव्या बाहीवरून इस्त्री दोनदा फिरते, हेही तितकंच खरं.

माझी मुलगी नववीत आहे. एका जागी ठरत नाही म्हणून तिच्या आजीने तिला तुडतुडी म्हणायला सुरुवात केली आणि आता हजेरीपटाबाहेर तिला दुसरं नाव उरलेलं नाही. झाडावर चढते, भिंतीवरून चालते, वर्गमुळं तोंडी काढते. तिला फक्त एक गोष्ट जमत नाही, गाडीत बसणं. बस असो, जीप असो, चाकं फिरायला लागली की हिच्या पोटात ढवळतं. मोठेपणी जाईल म्हणतात. अजून गेलेलं नाही, आणि सांगायची गोष्ट त्यावरच उभी आहे.

तर झालं असं की शिक्षणखात्याला एकाएकी जनतेची आठवण झाली. प्रत्येक शाळेबद्दल पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी मोबाइलवर मत नोंदवायचं, दहापैकी गुण द्यायचे आणि खाली दोन ओळी लिहायच्या. या मतांचं पुढे काय करणार, ते तळाला बारीक अक्षरात लिहिलं होतं म्हणे. बारीक अक्षर वाचायला चष्मा लागतो, आणि चष्मा नेहमी दुसऱ्या खोलीत असतो.

आमच्या हेडमास्तरांना गाव 'होऊन जाईल सर' म्हणतं. प्रयोगशाळेचं छत गळतं, सर. होऊन जाईल. नळ तुटलाय, सर. होऊन जाईल. त्यांनी फाटकावर सूचना लावली की सर्वांनी प्रामाणिकपणे मत द्यावं. आता या गावाला प्रामाणिकपणा सांगायची काही गरज होती का? लोक मत द्यायला बसले ते पेपर तपासायला बसल्यासारखे. पहिली अडचण आली ती अपूर्णांकांची. मोबाइलवर नुसते पूर्ण आकडे.

"साडेसहा कुठं दाबायचं?" पोस्टमनने माझ्या दुकानात येऊन विचारलं.

"नाही दाबता येत. सहा नाहीतर सात."

"मग सहा. शंका आली की खाली यायचं, बाई म्हणायच्या."

गावभर हेच झालं. सगळे अर्धे, पाव आणि पाऊण खाली घरंगळले. बाकी अभिप्राय मात्र असे मन लावून लिहिले होते की वाचत राहावं. बेकरीवाल्याने लिहिलं, "याहून चांगली शाळा पाहिली नाही. दुसरी पाहिलेलीच नाही. सहा." पोस्टमनने लिहिलं, "मुलगा पूर्वी बोलत नसे. आता बोलतो, आणि त्यातलं बरंचसं खरं असतं. सहा." डॉक्टरिणीचा थोरला आठवीत आहे, त्याने लिहिलं, "भूगोलाचे सर जागे असतात तेव्हा फार छान शिकवतात. पाच." एका आईने लिहिलं, "मुलगी घरी येऊन माझ्या हिशोबातल्या चुका काढते. डोक्याला ताप आहे. सहा." मी स्वतः सात दिले. छतासाठी एक, होऊन जाईल सरांसाठी दोन, असे कारणासकट तीन कापले आणि दिवसभर मला वाटत राहिलं, आपण जरा वाहवत तर गेलो नाही ना. तुडतुडीने सहा दिले आणि मला सुनावलं, "बाबा, तुम्ही भावनेच्या भरात गुण देता."

निकाल आला. पाच पूर्णांक नऊ. अहो, काय आनंद झाला गावाला! सगळ्यांची अपेक्षा पाचची. बेकरीवाल्याने केक कापला. होऊन जाईल सरांनी रंगीत खडूने फळ्यावर आकडा काढला आणि भोवती वेलबुट्टी काढली. बाई फळ्यासमोर थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "जरा सढळ हाताने दिलेत." पण त्याही खूश होत्या. मी त्यांना ओळखतो, खूश असल्या की त्या कोटाची बटणं चाचपतात.

फळ्यावरची वेलबुट्टी पुसली जायच्या आत खात्याचं उत्तर आलं. सातच्या खाली गुण मिळालेल्या शाळांवर जनतेचा विश्वास नाही. सबब पुढच्या वर्षापासून दहावीचा वर्ग बंद. मुलांनी रेल्वे जंक्शनच्या गावातल्या मोठ्या शाळेत जावं, बसचा पास मोफत मिळेल.

माझ्या हातातली इस्त्री एका गिऱ्हाइकाच्या पँटवर तशीच राहिली. पँट गेली. बायको धावत आली तेव्हा मी एकच बडबडत होतो, "बस. बसने."

बायको म्हणाली, "आधी बघू तरी. एव्हाना पोट सुधारलंही असेल." म्हणून रविवारी मी तुडतुडीला घेऊन जंक्शनच्या बसमध्ये बसलो. तिने खिडकी धरली, डोळे मिटले, ओठ घट्ट आवळले. पोरगी जिद्दीची, तिला सिद्ध करून दाखवायचं होतं. पेट्रोल पंपापर्यंत तिने तग धरला. मग माझी टोपी गेली, माझा सदरा गेला, पुढच्या सीटवरच्या गृहस्थांची छत्री गेली. कंडक्टरने घंटी मारून आम्हाला उतरवलं आणि शाळेचं कळल्यावर वर विचारलं, "काका, हिला रोज नेणार?" रस्त्याच्या कडेला बसून ती रडत होती. ओकल्याचं नव्हे. "बाबा, मला दहावी नाही करता येणार का?" असं तिने विचारलं. आम्ही चालत घरी आलो. सगळा वेळ मी मनातल्या मनात खात्याला शिव्या घालत होतो, आणि मध्येच स्वतःच्या सातांनाही.

गावाने ओरड केली तेव्हा खात्याने एक साहेब पाठवला. तरुण होता, गळ्यात ओळखपत्र. शाळेच्या हॉलमध्ये तोबा गर्दी झाली. "शाळा चांगली आहे, साहेब," बेकरीवाला म्हणाला.

"चांगली आहे तर दहा का नाही दिलेत?"

"दहा?" पोस्टमन चक्क हसला. "छत गळतंय की, साहेब."

"म्हणजे शाळा वाईट आहे."

"वाईट कोण म्हणालं? वाईट असती तर तीन दिले असते."

साहेबाने रुमाल काढून कपाळ पुसलं. "हे बघा, जंक्शनच्या शाळेला नऊ पूर्णांक नऊ आहेत. तिथले लोक बघा कसे समाधानी आहेत."

तुडतुडी मागच्या बाकावर उभी राहिली. "त्यांनी कारणं काय लिहिलीत?"

साहेबाने टॅबवर बोट फिरवलं आणि वाचून दाखवलं. "छान. खूप छान. खूप खूप छान. पुन्हा छान."

"यात कारण कुठंय?"

हॉलभर माना डोलल्या. साहेबाने टॅब बंद केला. तो मनाने वाईट नव्हता, फक्त दुसऱ्या कुठल्या तरी बाईंच्या हाताखाली शिकला होता. म्हणाला, "शेवटची संधी देतो. पुढच्या आठवड्यात पुन्हा मतं नोंदवा. आणि या वेळी कृपा करून जरा मन मोठं करा."

मन मोठं करायला आमची ना नव्हती, पण अंगठा ऐकेना. होऊन जाईल सरांनी पालकांची तालीम घेतली. सगळ्यांनी मोबाइल काढायचे, दहाच्या आकड्यावर अंगठा ठेवायचा, उचलायचा, पुन्हा ठेवायचा. बेकरीवाल्याचा अंगठा आठापर्यंत सरकायचा आणि चटका बसल्यासारखा मागे यायचा. "नाही हो होत माझ्याच्यानं," तो काकुळतीला आला. "आईच्या हातच्या जेवणाला मी सहा देतो. या गळक्या शाळेला दहा देऊन घरी कुठल्या तोंडानं जाऊ?" निम्म्या हॉलने मान खाली घातली. सर नेहमीप्रमाणे म्हणाले, होऊन जाईल. पण त्यांचा आवाज बारीक झाला होता.

शेवटी मीच उठलो आणि बाईंच्या वर्गात गेलो. शाळा सुटली होती. बाई उद्याचं गणित फळ्यावर लिहून ठेवत होत्या.

"बाई, तुम्ही सांगितल्याशिवाय एकाचाही अंगठा हलणार नाही."

"काय सांगू?"

"दहा द्या म्हणून."

त्या वळल्या. माझ्याकडे अशा बघत राहिल्या की मी पुन्हा आठवीत गेलो. "छत गळतं त्याचं काय? भूगोलाचे सर झोपतात त्याचं काय? मुख्याध्यापकांनी आजवर एक तरी काम पुरं केलंय का? मी स्वतः या शाळेला साडेसहा देते. त्यातलाही अर्धा माझ्या जिव्हाळ्याचा आहे, तो खरं तर कापायला हवा."

"सगळं कबूल, बाई. पण तुडतुडी बसमध्ये बसू शकत नाही." मग मी त्यांना पेट्रोल पंपापर्यंतचं सगळं सांगितलं. टोपीचं, छत्रीचं, आणि रस्त्याच्या कडेला बसून तिने काय विचारलं तेही. सांगताना माझा आवाज फाटला. मला त्याची लाज वाटली नाही.

बाईंनी खडू खाली ठेवला. "परवा तिने एक प्रमेय माझ्यापेक्षा कमी ओळीत सोडवलं," एवढंच म्हणाल्या. मग डस्टर घेऊन त्यांनी नुकतंच लिहिलेलं गणित पुसून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या प्रार्थनेनंतर त्या पायरीवर उभ्या राहिल्या. मुलं मैदानात, पालक फाटकाला लोंबकळलेले, मी दुकानाच्या दारात. "उद्या सगळ्यांनी दहा द्यायचे," बाई म्हणाल्या. "मी सांगते म्हणून."

पुढच्या रांगेतल्या एका मुलाने सवयीने विचारलं, "बाई, कारण काय लिहायचं?"

"कारण लिहायचं नाही."

बाई पायरी उतरून आत गेल्या. त्यांचा हात उजव्या खिशात होता, पेनावर.

गावाने आज्ञा पाळली. मी दहा दाबले तेव्हा मला एखादं नवं कोरं कापड जाळल्यासारखं वाटलं. तुडतुडी मोबाइल घेऊन बसून राहिली होती. "बाबा, ही कॉपी आहे."

"कॉपी कसली? मत आहे ते."

"मग सगळ्यांचं एकसारखं कसं? बाई तर दोन पेपर सारखे दिसले की दोघांनाही शून्य देतात." तरी तिने दाबले. दाबल्यावर हात धुऊन आली.

दहा पूर्णांक शून्य. आसपासच्या सगळ्या शाळांत पहिला नंबर. दहावीचा वर्ग राहिला. साहेब चकचकीत ढाल घेऊन आला, होऊन जाईल सरांनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा "झालं!" म्हणाले. फाटकावर मोठा फलक लागला. जंक्शनच्या शाळेचं शिष्टमंडळ आमच्याकडे शिकायला आलं आणि भूगोलाच्या सरांचा फोटो काढून गेलं. ते तेव्हा जागे होते, त्यामुळे फोटोत ओळखू येत नाहीत. फक्त छताची दुरुस्ती खात्याने नामंजूर केली. ज्या शाळेला जनतेने पूर्ण गुण दिले तिथे दुरुस्त करण्यासारखं काही असूच शकत नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि खरं सांगायचं तर त्यात तर्काची चूक काढता येत नव्हती. प्रयोगशाळेत गळतीखाली बादली होती, तिच्याशेजारी जागा करून सरांनी ढाल ठेवली.

मी खूश होतो. का नसावं? पोरगी समोरच्या शाळेत चालत जात होती. पण त्या शुक्रवारी बाईंचा कोट आला, मी सवयीने उजवा खिसा उलटा केला, आणि आत काही नव्हतं. डाग नव्हता. नेहमीच्या खुणेची फिकट सावली तेवढी होती. म्हटलं, पेन बदललं असेल. शनिवारी बाई आल्या, मी कोट पुढे केला. या वेळी डाव्या बाहीला चांगली ठसठशीत चुणी राहिली होती. आधीच्या शर्टाच्या गडबडीत माझं दुर्लक्ष झालं होतं. बाईंनी कोट उजेडात धरला नाही. घडी केली, पिशवीत टाकला.

"बाई, गुण?"

"दहा," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

कुणी मुस्कटात दिली असती तर परवडलं असतं. बायको म्हणाली, "इतकी वर्षं सहाच मिळतात म्हणून कुढत होतास, आता दहा मिळाले तर तोंड वाकडं!" तिला काय सांगणार?

चाचणी परीक्षेचे पेपर वाटले तेव्हा उलगडा झाला. तुडतुडी दुकानात आली ती धाडकन दार लावून. पेपर तिने माझ्या इस्त्रीच्या टेबलावर आपटला. वर दहापैकी दहा. निळ्या शाईने.

"अगं, वा!" मी म्हणालो. बापाचं तोंड, आधीच बोलून गेलं.

"वा काय वा? चौथं गणित बघा. टाकी किती वेळात भरेल, तर मी लिहिलंय उणे चार तासांत. म्हणजे नळ सोडायच्या आधीच टाकी भरलेली! बाईंनी बरोबरची खूण केलीय. सगळ्या वर्गाला दहा आहेत. ज्याने पेपर कोरा दिला त्यालाही." मग ती एकदम खुर्चीत बसली आणि तोंड झाकून रडायला लागली. "बाबा, आता मला कसं कळणार मला काय येतं आणि काय येत नाही?"

बाहेर बेकरीवाला मुलाचा पेपर सगळ्यांना दाखवत हिंडत होता. हसत होता, पण हसू काही बसत नव्हतं त्याच्या चेहऱ्यावर. मी इस्त्री बंद केली, दुकानाला कडी घातली आणि पोरीला म्हणालो, "चल."

बाई वर्गात एकट्याच होत्या. तुडतुडीने पेपर त्यांच्यासमोर ठेवला. "बाई, टाकी उणे चार तासांत भरते का?"

बाईंनी पेपराकडे बघितलंच नाही. "नाही."

"मग कापा ना!"

"कुठल्या तोंडाने कापू?" त्या हे तिला नाही, मला म्हणाल्या. "अख्ख्या गावाला मी खोटे गुण द्यायला लावले. कारण लिहू नका म्हणाले. आता मी पोरांचा पाव गुण कापायचा आणि शेजारी कारण लिहायचं? हसतील मला. हसले नाहीत तरी मला ऐकू येईल."

मी लाँड्रीवाला माणूस, मला भाषण येत नाही. पण त्या दिवशी तिडीक आली ती आली. "बाई, तुम्ही खोटं बोललात ते हिच्यासाठी. ही बसमध्ये बसू शकत नाही म्हणून तुम्ही शाळा हिच्यासाठी राखलीत. राखलीत ना? मग शाळा द्या की तिला! नुसती इमारत काय करायची आहे? ती तर गळतेय."

मला वाटलं, आता बाहेर काढतात. बाई कपाळाला हात लावून बसल्या. मग त्यांनी ड्रॉवर उघडला, मागे हात घातला आणि लाल पेन काढलं. बरेच दिवस पडून होतं, शाई उतरेना. त्यांनी जोरात झटकलं, तेव्हा शाईचा फवारा उडाला आणि थेट राखाडी कोटावर आला, खांद्यापासून खिशापर्यंत. त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. पेपर पुढे ओढला, चष्मा चढवला आणि पहिल्या गणितापासून सुरुवात केली. आम्ही दोघं उभे. पेनाचा आवाज येत होता. एक रेघ, शेजारी कारण, पुढची रेघ, कारण. चौथ्या गणितावर त्या थांबल्या आणि मोठ्याने वाचत लिहू लागल्या. "वेळ उणे येत नाही. उत्तर लिहून झाल्यावर खिडकीबाहेर बघावं आणि असं जगात होतं का, ते स्वतःला विचारावं."

वरचे दहा खोडून त्यांनी लिहिलं, पावणेसात.

तुडतुडीने पेपर घेतला, वाचला, नाक पुसलं. "बाई, तिसऱ्यात माझी पद्धत बरोबर आहे. तिथे पाव गुण जास्त कापलाय."

"एकक कुठंय?"

"...नाहीये."

"मग?"

"मग बरोबर आहे," ती म्हणाली, आणि तिचं तोंड असं उजळलं की मला खिडकीकडे वळावं लागलं.

ती पेपर नाचवत रस्त्याने धावत सुटली. "पावणेसात! पावणेसात!" पोस्टमनने सायकल थांबवून हात जोडले. बेकरीवाला मुलाचे दहा घेऊन उभा होता. त्याने आमच्या पोरीकडे बघितलं, हातातल्या पेपराकडे बघितलं आणि हळूच मला विचारलं, "माझ्या पोराचे पण कापतील का हो?"

सोमवारी सकाळी बाईंच्या वर्गाबाहेर पालकांची रांग लागली होती, जिना उतरून थेट फाटकावरच्या 'दहापैकी दहा' या फलकापर्यंत. प्रत्येकाच्या हातात पोराचा पेपर. "नीट कापा, बाई, हयगय करू नका," असं एक आई कळवळून सांगत होती. होऊन जाईल सर रांगेच्या कडेने फिरत होते आणि या वेळी त्यांना काय म्हणावं ते कळत नव्हतं.

मी रांगेत नव्हतो. मी कोट द्यायला गेलो होतो. दोन दिवस घासला होता, साबण, लिंबू, सगळं करून झालं, पण खांद्यावरचा लाल डाग काही पुरता निघाला नव्हता. बाईंनी तो उजेडात धरला. कॉलर बघितली. खांदा बघितला. दोन्ही बाह्या उलट्या करून बघितल्या.

"पाच," त्या म्हणाल्या. "खांद्यावर डाग. आणि डावी बाही अजूनही तुला जमत नाही."

मी जिना उतरलो तो शीळ घालत.